जॉन हार्वे केलॉग

जॉन हार्वे केलॉग (जन्म : २६ फेब्रुवारी १८५२, टायरोन, मिशिगन, मृत्यू : १४ डिसेंबर १९४३, बॅटल क्रीक, मिशिगन) हे अमेरिकन डॉक्टर, शल्यचिकित्सक, लेखक, संशोधक आणि शाकाहाराचे पुरस्कर्ते होते. मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक सॅनिटेरियम या आरोग्यधामाचे ते १८७६ पासून प्रमुख होते. धान्याच्या पोह्यांपासून बनविलेल्या न्याहारीच्या खाद्यपदार्थांचे एक जनक म्हणून त्यांचे नाव जगभर परिचित आहे. मात्र त्यांच्या स्वतःच्या दृष्टीने त्यांच्या कार्याचा गाभा वेगळाच होता. मोठ्या आतड्यात साचणारा मळ कुजून त्याचे विष रक्तात भिनते व बहुतेक दीर्घकालीन आजारांचे मूळ त्यातच असते, असे ते मानत. त्यामुळे आतड्याची नियमित स्वच्छता हा त्यांच्या उपचारपद्धतीचा पाया होता. पुढे हा सिद्धांत वैद्यकशास्त्राने नाकारला, तरी आतडी धुण्याचे पूरक उपचार आजही प्रचलित आहेत व त्यांच्या इतिहासात केलॉग यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

प्रारंभिक जीवन

केलॉग यांचा जन्म जॉन प्रेस्टन केलॉग व त्यांच्या दुसऱ्या पत्नी ॲन जॅनेट स्टॅन्ली यांच्या पोटी झाला. कुटुंब मोठे होते व उत्पन्न बेताचे होते. जॉन लहान असतानाच हे कुटुंब बॅटल क्रीक येथे स्थायिक झाले. तेथे वडिलांनी झाडू बनविण्याचा कारखाना चालविला. आईवडील सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी होते. येशूचे पुनरागमन लवकरच होणार, अशी या पंथाची श्रद्धा होती. त्यामुळे मुलांच्या दीर्घ शालेय शिक्षणाची घरात फारशी निकड मानली जात नसे. जॉन यांना बालपणी सलग शालेय शिक्षण थोडेच मिळाले व लहान वयातच ते वडिलांच्या कारखान्यात काम करू लागले. वाचनाची मात्र त्यांना विलक्षण आवड होती.

बालपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. पोटाच्या तक्रारी व क्षयरोग यांनी त्यांना ग्रासले होते. पचनसंस्थेविषयी त्यांना पुढे आयुष्यभर वाटलेल्या आस्थेचा संबंध चरित्रकारांनी या अनुभवाशी जोडला आहे.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास पंथाचे एक संस्थापक जेम्स व्हाइट यांनी त्यांना बॅटल क्रीक येथील पंथाच्या छापखान्यात कामाला घेतले. हरकाम्या म्हणून सुरुवात करून ते खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे व संपादनात साहाय्य करणे इथवर पोहोचले. जेम्स यांच्या पत्नी एलेन व्हाइट या पंथात द्रष्ट्या म्हणून मान्यता पावल्या होत्या. मांस, मद्य, तंबाखू व उत्तेजक पेये वर्ज्य करावीत, या त्यांच्या आरोग्यविषयक लेखनाशी जॉन यांचा पहिला परिचय छापखान्यातच झाला. अल्पावधीतच त्यांनी मांसाहार सोडला.

शिक्षण

केलॉग यांना शिक्षक व्हायचे होते व काही काळ त्यांनी शाळेत शिकविलेही. १८७२ साली त्यांना व त्यांच्या सावत्र भावाला न्यू जर्सी येथे डॉ. रसेल ट्रॉल यांच्या निसर्गोपचार महाविद्यालयात पाठविण्यात आले. तेथील अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाने त्यांचे समाधान झाले नाही. म्हणून त्यांनी मिशिगन विद्यापीठात व नंतर न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटल मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. १८७५ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी संपादन केली. पुढील काळात त्यांनी युरोपचे अनेक दौरे केले व बर्मिंगहॅम येथील उदरशल्यचिकित्सक लॉसन टेट यांच्यासह अनेकांकडून शस्त्रक्रियेचे तंत्र आत्मसात केले. कुशल शल्यचिकित्सक म्हणून त्यांचा लौकिक होता. त्यांनी हयातीत २२,००० हून अधिक शस्त्रक्रिया केल्या असे सांगितले जाते.

बॅटल क्रीक सॅनिटेरियम

पंथाने १८६६ मध्ये बॅटल क्रीक येथे वेस्टर्न हेल्थ रिफॉर्म इन्स्टिट्यूट ही छोटी संस्था सुरू केली होती. १८७६ मध्ये वयाच्या चोविसाव्या वर्षी केलॉग यांनी तिची सूत्रे हाती घेतली. लवकरच संस्थेचे नाव बदलण्यात आले. दीर्घकालीन रोग्यांचे विश्रामस्थान या अर्थाने युरोपात रूढ असलेल्या शब्दात थोडा फेरफार करून केलॉग यांनी सॅनिटेरियम हा शब्द योजला. रोगी केवळ बरा होण्यासाठी नव्हे, तर निरोगी कसे राहावे हे शिकण्यासाठी येथे यावा, अशी त्यांची भूमिका होती.

सॅनिटेरियमचा दिनक्रम शिस्तबद्ध होता. मोकळी हवा, सूर्यप्रकाश, व्यायाम, मर्दन, शाकाहार व पुरेशी झोप यांवर तेथे भर असे. गरम व थंड पाण्याच्या स्नानांचे अनेक प्रकार वापरले जात. विद्युत दिव्यांच्या प्रकाशात शरीर शेकण्याची पेटी, कंप पावणारी खुर्ची, पोट मळण्याचे यंत्र अशी अनेक उपकरणे केलॉग यांनी स्वतः तयार केली. जलचिकित्सेवरील त्यांचा ‘रॅशनल हायड्रोथेरपी’ हा बृहद्ग्रंथ निसर्गोपचाराच्या क्षेत्रात दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. येथे येणाऱ्यांत विल्यम हॉवर्ड टॅफ्ट, हेन्री फोर्ड, टॉमस एडिसन व अमेलिया एअरहार्ट अशा नामवंतांचा समावेश होता.

१८ फेब्रुवारी १९०२ रोजी लागलेल्या आगीत सॅनिटेरियमची मुख्य इमारत भस्मसात झाली. केलॉग यांनी पुनर्बांधणीचे काम तातडीने हाती घेतले व १९०३ मध्ये नवी, अधिक भव्य इमारत उभी राहिली. तिच्यासाठी निधी जमावा म्हणून त्यांनी ‘द लिव्हिंग टेंपल’ हा ग्रंथ लिहिला. देव निसर्गातील प्रत्येक वस्तूत वास करतो, असा त्यातील विचार पंथाच्या नेत्यांना मान्य झाला नाही. संस्थेवरील नियंत्रणाचा वादही आधीपासून धुमसत होता. अखेर १० नोव्हेंबर १९०७ रोजी केलॉग यांना पंथातून काढून टाकण्यात आले. सॅनिटेरियम मात्र त्यांच्याच ताब्यात राहिले.

स्वविषबाधेचा सिद्धांत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जंतुशास्त्राचा उदय झाल्यावर आतड्यातील जंतूंकडे संशोधकांचे लक्ष गेले. पॅरिसमधील वैद्य शार्ल बूशार यांनी १८८० च्या दशकात स्वविषबाधेची कल्पना मांडली. शरीर आपल्याच चयापचयातून व आतड्यातील कुजण्याच्या क्रियेतून विषे निर्माण करते आणि ती रक्तात मिसळून रोग उत्पन्न करतात, असा तिचा आशय होता. पाश्चर इन्स्टिट्यूटमधील संशोधक व १९०८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी इल्या मेच्निकॉव्ह यांनी वार्धक्याचा संबंध मोठ्या आतड्यातील जंतूंशी जोडला व दह्यासारख्या आंबविलेल्या दुधाची शिफारस केली. म्हणजेच केलॉग यांनी ही कल्पना स्वीकारली, तेव्हा ती वैद्यकातील मान्यवरांनी पुरस्कारलेली होती.

केलॉग यांच्या मते मांसाहार, कोंडा काढलेले पीठ, बैठे जीवन व शौचाची भावना दाबण्याची सवय यांमुळे मळ आतड्यात रेंगाळतो. त्यातील न पचलेली प्रथिने कुजतात. डोकेदुखी, थकवा, नैराश्य, त्वचाविकार, उच्च रक्तदाब इत्यादी अनेक तक्रारींचे कारण ते यात शोधत. दिवसातून एकदा शौचास होणे सर्वसाधारण मानले जात असले तरी ते पुरेसे नाही, प्रत्येक जेवणानंतर शौचास व्हावे, असा त्यांचा आग्रह होता. ‘कोलन हायजीन’ (१९१५) व त्यानंतर काही वर्षांनी प्रसिद्ध झालेला ‘ऑटोइंटॉक्सिकेशन’ या ग्रंथांत त्यांनी हे विवेचन विस्ताराने केले आहे.

उपचाराचे दोन भाग होते. पहिला भाग शुद्धीचा होता. यंत्राच्या साहाय्याने गुदमार्गातून भरपूर पाणी आत सोडून मोठे आतडे धुतले जाई. दुसरा भाग नव्या जंतूंच्या स्थापनेचा होता. रोग्याला दही किंवा तत्सम आंबविलेले दूध दिले जाई. काही भाग तोंडावाटे व काही भाग एनिमाद्वारे. यांखेरीज कोंडा, अगर-अगर, खनिज तेल, फळे व भाज्या यांचा आहारात समावेश असे. केलॉग स्वतःही या नियमांचे काटेकोर पालन करीत.

लंडनमधील शल्यचिकित्सक विल्यम आर्बथनॉट लेन हे याच सिद्धांताच्या आधारे बद्धकोष्ठतेच्या रोग्यांचे मोठे आतडे कापून काढीत असत. या शस्त्रक्रियांत काही रोगी दगावले. केलॉग हे लेन यांच्या मताचा आदर करीत, परंतु शस्त्रक्रियेपेक्षा आहार, व्यायाम व आंत्रधावन यांवर त्यांचा अधिक विश्वास होता. पुढे लेन यांनीही शस्त्रक्रियेऐवजी आहारसुधारणेच्या प्रचाराकडे मोर्चा वळविला.

सिद्धांताचा ऱ्हास

१९१० नंतर स्वविषबाधेच्या सिद्धांतावर पद्धतशीर टीका होऊ लागली. १९१३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर दीर्घ चर्चा झाली. रक्तात भिनणारे विष नेमके कोणते, या प्रश्नाला सिद्धांताच्या समर्थकांकडे निश्चित उत्तर नव्हते. १९१९ मध्ये अमेरिकन डॉक्टर वॉल्टर अल्वारेझ यांनी या लक्षणांचा वेगळा उलगडा मांडला. बद्धकोष्ठतेत जाणवणारी डोकेदुखी व मरगळ शौच होताच तत्काळ नाहीशी होते. रक्तात विष भिनले असते तर ते ओसरण्यास वेळ लागला असता. त्यामुळे ही लक्षणे आतड्यावर पडणाऱ्या ताणामुळे व मज्जातंतूंमार्फत उद्भवतात, असे त्यांनी दाखवून दिले. १९२२ मध्ये आर्थर डोनाल्डसन यांनी निरोगी व्यक्तींच्या गुदाशयात कापसाचे बोळे ठेवून प्रयोग केला. कापसातून कोणतेही विष रक्तात जाण्याचा प्रश्नच नव्हता, तरी तीच लक्षणे दिसून आली व बोळे काढल्यावर ती ओसरली.

यानंतर वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतून हा सिद्धांत हळूहळू लुप्त झाला. केलॉग यांनी मात्र आपले मत अखेरपर्यंत बदलले नाही. त्यांच्या देखरेखीखाली असंख्य रोग्यांना बरे वाटले होते व तोच त्यांना पुरेसा पुरावा वाटत असे. तथापि सॅनिटेरियममधील रोग्याला एकाच वेळी विश्रांती, व्यायाम, तंतुमय आहार, तंबाखू व मद्य यांपासून मुक्ती आणि डॉक्टरांचे लक्ष हे सर्व लाभत होते. यांपैकी गुण कशाचा आला हे ठरविण्यासाठी आवश्यक असलेली तुलना तेथे झाली नाही.

न्याहारीचे पदार्थ आणि भावांमधील वाद

पचनास हलके धान्य रोग्यांना मिळावे, यासाठी केलॉग, त्यांच्या पत्नी एला व धाकटे बंधू विल कीथ केलॉग सॅनिटेरियमच्या स्वयंपाकघरात प्रयोग करीत. १८९४ मध्ये शिजवून तसाच राहिलेला गहू रुळांतून काढला असता प्रत्येक दाण्याचा वेगळा पोहा निघाला. या प्रक्रियेचे एकस्व जॉन यांच्या नावे १८९६ मध्ये मंजूर झाले. पुढे गव्हाऐवजी मका वापरण्यात आला. भुईमुगाच्या लोण्यासाठी व दाण्यांपासून बनविलेल्या मांसपर्यायी पदार्थांसाठीही त्यांनी प्रक्रिया विकसित केल्या.

विल यांनी सॅनिटेरियममध्ये मोठ्या भावाच्या हाताखाली दोन दशकांहून अधिक काळ हिशेब, पत्रव्यवहार व व्यवस्थापनाची कामे तुटपुंज्या वेतनावर केली. उघड जाहिरातबाजी डॉक्टरच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे जॉन मानत. दरम्यान सॅनिटेरियममध्ये रोगी म्हणून राहून गेलेले सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी अशाच पदार्थांवर मोठी संपत्ती मिळविली. अखेर १९०६ मध्ये विल यांनी स्वतःची कंपनी काढली व मक्याच्या पोह्यांत साखर घालून त्यांची जोरदार विक्री सुरू केली. जॉन यांना साखरेचा वापर मान्य नव्हता. केलॉग या नावाच्या वापरावरून दोघा भावांमध्ये अनेक वर्षे खटले चालले. १९२० मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने विल यांच्या बाजूने निकाल दिला. ही कंपनी १९९० च्या दशकात भारतातही आली व महाराष्ट्रात तळोजा येथे तिचा कारखाना सुरू झाला.

वैयक्तिक जीवन

२२ फेब्रुवारी १८७९ रोजी केलॉग यांचा विवाह एला अर्विला ईटन यांच्याशी झाला. एला यांनी सॅनिटेरियमची पाकशाळा व स्वयंपाकाचे वर्ग उभे केले. त्यांचा ‘सायन्स इन द किचन’ हा ग्रंथ १८९२ मध्ये प्रसिद्ध झाला. या दांपत्याला स्वतःचे अपत्य नव्हते. त्यांनी ४० हून अधिक मुलांचा सांभाळ केला व त्यांपैकी काहींना कायदेशीररीत्या दत्तक घेतले. १९२० मध्ये एला यांचे निधन झाले. उत्तरायुष्यात केलॉग नेहमी पांढरा पोशाख परिधान करीत. त्यांचा दिवस पहाटे सुरू होई व लेखनिकाला मजकूर सांगण्याचे काम रात्री उशिरापर्यंत चाले.

टीका व वाद

लैंगिकतेविषयी केलॉग यांची मते अत्यंत कठोर होती. ‘प्लेन फॅक्ट्स’ या पुस्तकात त्यांनी हस्तमैथुनाला अनेक रोगांचे कारण ठरविले व ते रोखण्यासाठी मुलांवर वेदनादायक उपायांची शिफारस केली. या मतांना शास्त्रीय आधार नव्हता.

त्यांच्या कार्याची सर्वांत गंभीर बाजू सुप्रजननवादाशी निगडित आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्यांनी रेस बेटरमेंट फाउंडेशन ही संस्था उभी केली. तिच्या वतीने १९१४ व १९२८ मध्ये बॅटल क्रीक येथे आणि १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे परिषदा झाल्या. वंशशुद्धीची कल्पना व अयोग्य ठरविलेल्या व्यक्तींच्या प्रजननावर निर्बंध यांचा पुरस्कार या व्यासपीठावरून झाला. केलॉग यांनी सांभाळलेल्या मुलांत कृष्णवर्णीय मुलेही होती. तरी वंशांची सरमिसळ होऊ नये, असे मत त्यांनी जाहीरपणे मांडले. शरीराची शुद्धी व समाजाची शुद्धी या दोन कल्पना त्यांच्या विचारात परस्परांशी जोडलेल्या होत्या, असे अभ्यासकांचे निरीक्षण आहे.

अखेरची वर्षे व निधन

१९२८ मध्ये सॅनिटेरियमला १५ मजली इमारतीची जोड देण्यात आली. पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. श्रीमंत रोग्यांची संख्या घटली, कर्जाचा बोजा वाढला व १९३३ मध्ये संस्था न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती गेली. १९४२ मध्ये मुख्य इमारत अमेरिकन सैन्याने विकत घेऊन तेथे पर्सी जोन्स रुग्णालय सुरू केले. केलॉग यांनी काही काळ फ्लोरिडातील मायामी स्प्रिंग्ज येथेही आरोग्यधाम चालविले. आंबविलेल्या सोया दुधावरील त्यांचे काम उतारवयातही सुरू होते.

१४ डिसेंबर १९४३ रोजी वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी बॅटल क्रीक येथे न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. अखेरच्या काळात त्यांनी विल यांना एक दीर्घ पत्र लिहून आपल्या वागण्याबद्दल खेद व्यक्त केला होता. ते वेळेवर पाठविले गेले नाही. विल यांच्या हाती ते पडले, तेव्हा जॉन यांच्या मृत्यूला काही वर्षे लोटली होती. दोन्ही भावांच्या समाधी बॅटल क्रीक येथील ओक हिल दफनभूमीत आहेत.

वारसा व मूल्यमापन

केलॉग यांच्या अनेक आग्रहांना पुढील संशोधनाने दुजोरा दिला. तंबाखूचे दुष्परिणाम, तंतुमय आहाराचे महत्त्व, व्यायामाची आवश्यकता व आतड्यातील जंतूंचा आरोग्याशी असलेला संबंध ही त्याची उदाहरणे होत. आतडे धुण्याच्या उपचाराबाबत मात्र तसे घडले नाही. मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशी दर काही दिवसांनी नव्याने तयार होतात, त्यामुळे त्यावर वर्षानुवर्षे मळाचा थर साचून राहतो ही समजूत निराधार आहे. शरीरातील त्याज्य द्रव्यांचे निराकरण करण्याचे काम प्रामुख्याने यकृत व मूत्रपिंडे करतात.

विसाव्या शतकाच्या अखेरीस आंत्रधावनाचे उपचार पुन्हा लोकप्रिय झाले. विषनिर्मूलनाच्या नावाने आज त्यांचा प्रचार होतो तेव्हा त्यामागे मूळचा स्वविषबाधेचाच विचार असतो. या उपचारात आतड्याला छिद्र पडणे, रक्तातील क्षारांचा समतोल बिघडणे व जंतुसंसर्ग होणे हे धोके संभवतात. हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार अथवा आतड्याचा दाह असलेल्या रोग्यांना ते अधिक असतात. १९७८ ते १९८० या काळात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात एका चिकित्सालयातील दूषित उपकरणामुळे किमान ३६ जणांना अमीबाजन्य आंत्ररोग झाला. त्यांपैकी १० जणांचे मोठे आतडे काढावे लागले व त्या दहांपैकी ६ जण दगावले. तीव्र बद्धकोष्ठतेत किंवा आतड्याच्या दुर्बीण तपासणीपूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने केली जाणारी आतड्याची सफाई ही याहून वेगळी बाब आहे. आयुर्वेदातील बस्ती हा उपचारही स्वतंत्र परंपरेतील असून केलॉग यांच्या पद्धतीशी त्याचा थेट संबंध नाही.

केलॉग यांच्या नावाचा पदार्थ आज त्यांना अमान्य असलेल्या साखरेसह जगभर खाल्ला जातो आणि त्यांनी हयातभर जपलेला सिद्धांत वैद्यकाच्या इतिहासात जमा झाला आहे. प्रतिबंधात्मक आरोग्याचा आद्य प्रचारक आणि पुराव्यापुढेही आपल्या मतापासून न ढळलेला डॉक्टर, अशा दुहेरी भूमिकेत इतिहासकार त्यांच्याकडे पाहतात.